बोर्डावरच्या बटणाची कैफियत : घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती विजेची उपकरणं बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि ‘वापर सुलभ’ करण्यासाठी नेमलेली मंडळी यांस

विषय : बटण बंद केल्यावर यंत्र खरोखर बंद होण्याबाबत, आणि पुन्हा लावल्यावर त्याने न रुसण्याबाबत.

स.न.वि.वि.

आपल्याकडच्या भिंतींवर एक सोय आहे, जी युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक घरांत नसते. प्रत्येक सॉकेटशेजारी त्याचं स्वतःचं बटण. तिकडे पिन खोचली की यंत्राला वीज सुरू, उपसली की बंद. आपल्याकडे पाचचा प्लग असो की पंधराचा, बटण खटकन वर केलं की विषय संपला. ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमधून आलेली ही पद्धत आपण इतकी अंगी मुरवून घेतली की रात्री झोपण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्या लहानपणी ‘ऊर्जासंवर्धन’ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. वडील खोलीच्या दारातून नुसतं विचारायचे, “हा दिवा कुणाच्या नावाने जळतोय?” आणि आम्ही धावत जायचो.

आज कोट्यवधी रुपये खर्चून सरकारं लोकांना जी सवय लावू पाहतात, ती आपल्याकडे फुकटात तयार होती. तुमच्या नव्या यंत्रांनी ती मोडायला घेतली आहे. बोर्डावरून बंद केलेलं कुठलंही नवं यंत्र पुन्हा लावताना काही ना काही शिक्षा करतं. कुणी वेळ विसरतं, कुणी चॅनेल विसरतं, कुणी पाच मिनिटं डोळे मिटून बसतं, कुणी मोबाईलवर परवानगी मागतं. आणि शिक्षा नको म्हणून चालू ठेवावं तर गुपचूप वीज खातं. ही कैफियत मांडण्यासाठी हे पत्र.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वॅट आणि युनिट हा माझा रोजचाच धंदा, त्यामुळे ‘मॅडम, तुम्हाला तांत्रिक बाबी समजणार नाहीत’ हे तुमच्या ग्राहकसेवेचं ठेवणीतलं वाक्य इथे चालणार नाही. प्रात्यक्षिकासाठी आणलेलं, प्लगमध्ये खोचून वीज मोजायचं छोटं मीटर मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी आणलं आणि एकेका यंत्राला लावून बघितलं.

सुरुवात सेट-टॉप बॉक्सपासून करते, कारण तो सगळ्यांत निगरगट्ट. रिमोटचं लाल बटण दाबलं की चित्र जातं, बॉक्सवरचा हिरवा दिवा लाल होतो, आणि घरातल्या सगळ्यांची समजूत अशी की बॉक्स झोपला. मीटर म्हणालं, छे. चालू असताना आकडा नऊ ते दहा वॅटच्या दरम्यान नाचत होता; ‘बंद’ केल्यावर तो नऊच्या आसपास येऊन थांबला. म्हणजे त्या लाल बटणाने दिव्याचा रंग बदलला आणि फारतर चित्र पाठवायचं थांबवलं. हात लावून बघितला तर वरचं झाकण रात्री अकराला जेवढं कोमट, तेवढंच पहाटे पाचला. आमच्याकडची पाल थंडीच्या दिवसांत त्याच्यामागे मुक्कामाला का असते, हे कोडंही तेव्हा सुटलं.

एक वॅट वर्षभर अखंड ओढला तर 8.76 युनिटं होतात. हे गणित माझी मुलं तोंडी करतात. नऊ वॅटची झाली जवळपास 79 युनिटं, महिन्याला साडेसहा. एवढ्याने काय होतं, असं म्हणणाऱ्याने महाराष्ट्रातलं घरगुती वीजबिल उलटून बघावं. 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 ला दुसरा, 301 ते 500 ला तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीच्या घरात. महिन्याला दीडशे-दोनशे युनिटं वापरणाऱ्या घरात वाचलेलं प्रत्येक युनिट बिलाच्या वरच्या टोकाचं, म्हणजे महागातलं असतं. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्याच्या डोक्यावर 16 टक्के वीज शुल्क. कुणीही न बघितलेल्या टीव्हीसाठी हे सगळं भरायचं.

पूर्वी घरोघरी ‘झिरोचा बल्ब’ असायचा. देवघरात, नाहीतर बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर जळायचा, आणि नावाने शून्य असला तरी दहा-पंधरा वॅट खायचा. पण निदान तो उजेड तरी द्यायचा.

बरं, बोर्डावरून बंद करायचा म्हटलं तर तेही करून बघितलं. सकाळी बटण लावलं की आधी कंपनीचं बोधचिन्ह, मग टक्केवारी, मग ‘सिग्नल शोधत आहे’, मग चॅनेलांची यादी उतरवून घेणं. हे सगळं पार पडल्यावर बॉक्स काल बघत होतो त्या चॅनेलवर जात नाही. जातो तो कंपनीच्या स्वतःच्या जाहिरातीच्या चॅनेलवर, तोही असा मोठ्याने की शेजारचे दार वाजवतील. सासऱ्यांना सातच्या बातम्या लागतात. बातम्या दिसेपर्यंत निवेदिका हवामानावर आलेली असते. चार दिवस त्यांनी सोसलं, पाचव्या दिवशी बॉक्सच्या बटणावर चिकटपट्टी लागली आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘बंद करू नये’ असं लिहिलं गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर बटणं बंद केली, त्याच्याकडून तुम्ही हे लिहून घेतलंत.

शिवाय हा बॉक्स आम्ही हौसेने आणलेला नाही. आधी केबलची वायर थेट टीव्हीत जायची. 2011 मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात बदल झाला आणि बॉक्स सक्तीचा झाला: मुंबईत 2012 च्या ऑक्टोबरअखेर, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत 2013 च्या मार्चअखेर, मग टप्प्याटप्प्याने आमच्याकडे आणि खेडोपाडी. जी वस्तू कायद्याने घराघरात बसवली, ती रात्री किती वीज खाईल हे बघणं कुणाचं काम होतं? हा प्रश्न अर्धा तुम्हाला आहे, अर्धा सरकारला. आणि यात अशक्य असं काही नाही. मोबाईल रात्रभर जवळपास झोपलेला असतो आणि फोन आला की त्याच क्षणी उठतो. तसंच वागायला बॉक्सला शिकवणं तुमच्या अभियंत्यांना अवघड नाही. अवघड आहे ते कुणीतरी त्यांना हे करायला सांगणं, कारण विजेचं बिल तुम्ही भरत नाही.

स्मार्ट टीव्हीबद्दल फार लिहीत नाही. तो बोर्डावरून लावला की आधी स्वतःची नवी आवृत्ती उतरवतो, मग मी न मागितलेल्या मालिकांची चित्रं दाखवतो, आणि मग वेळ मिळाला तर मला हवं ते लावतो. माझ्या पैशाने घेतलेल्या वस्तूत भाड्याने राहिल्यासारखं वाटतं.

मायक्रोवेव्हचं गणित मात्र जरा सविस्तर मांडते, कारण वर्गात ते सांगितल्यावर मुलंही चकित झाली. आमच्याकडे मायक्रोवेव्ह म्हणजे उरलेलं गरम करायची पेटी. आमटीची वाटी, भाताची ताटली, कधीतरी चहा (चहा त्यात गरम करू नये हे मला मान्य आहे, पण घरात लोकशाही आहे). दिवसाला सरासरी तीन मिनिटं धरा. 1200 वॅट ओढणारं यंत्र रोज तीन मिनिटं चाललं तर वर्षाला होतात 22 युनिटं. आता त्याच्या कपाळावरचं हिरवं घड्याळ आणि आतलं जागं सर्किट मिळून सव्वादोन ते अडीच वॅट ओढत असेल, तर त्याची वर्षाची युनिटं 20 ते 22. म्हणजे अन्न गरम करायला जेवढी वीज, जवळपास तेवढीच वेळ दाखवायला! आणि तो वेळही बरोबर नसतो. आमच्याकडे लाईट जाते, त्यामुळे बहुतेक वेळा ते घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटं अशी उघडझाप करत बसलेलं असतं. भिंतीवर घड्याळ आहे, मनगटावर आहे, खिशातल्या फोनवर आहे. मायक्रोवेव्हला वेळ विचारायला आम्ही कधी आलो होतो?

मनगटी घड्याळ शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर दोन-तीन वर्षं चालतं. हजारो रुपयांच्या यंत्रात असा एक सेल टाकला तर लाईट गेली काय आणि बटण बंद केलं काय, वेळ लक्षात राहील. डिस्प्ले काळा ठेवायचा आणि दार उघडल्यावरच उजळायचा, हा आणखी सोपा उपाय. काही यंत्रांत तो आहेही. मग बाकीच्यांत का नाही?

वॉशिंग मशीन म्हणजे दुसरं विसरभोळं. कपडे अर्धे धुऊन झालेले, आत साबणाचं पाणी, आणि लाईट गेली. परत आल्यावर काही यंत्रं जिथे थांबली तिथून पुढे सुरू होतात, काही पहिल्यापासून पाणी भरायला लागतात. कुठलं यंत्र काय करेल हे दुकानात कळत नाही. मी विचारलं तेव्हा विक्रेत्याने मला सतरा प्रकारच्या धुलाईची यादी वाचून दाखवली. त्यात रेशमी होती, लोकरी होती, बाळाच्या कपड्यांची होती. सांगलीच्या उन्हाळ्यात लोकरी धुलाई! लाईट गेल्यावर काय, हे त्या यादीत नव्हतं.

आमच्या भागात वळवाचा पाऊस पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं, कडाडायला लागतं, आणि घराघरातून एकच आरोळी उठते, “प्लग काढा!” ही शहाणी सवय आहे, विजेच्या लोळाने जळालेले टीव्ही लोकांनी बघितलेत. पाऊस थांबला, मातीचा वास सुटला की पूर्वी प्लग पुन्हा लावून माणूस भजी तळायला मोकळा व्हायचा. आता त्यानंतर अर्धा तास घरातली यंत्रं समजावत बसावं लागतं. पाणी शुद्ध करणारं यंत्र पिपाण्या वाजवतं, राउटर तांबडा डोळा वटारतो, आणि एसी मात्र बंद होता तरी आपणहून सुरू होतो. तुम्ही ही यंत्रं जिथे लाईट जातच नाही अशा खोलीत तपासता का? इथे लाईट जाते, डिम होते, एखादा फेज जातो, मग एकदम जोरात येते. हे अपवाद म्हणून धरू नका, याच परिस्थितीत तुमचा माल विकला जातो.

जोरात आलेल्या लाईटने काय होतं तेही सांगते. मेकॅनिक येतो, झाकण उघडतो, आत डोकावतो आणि दोन शब्दांत निकाल देतो, “पीसीबी गेलंय.” पीसीबी म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सर्किटचं कार्ड. त्यातला कुठला भाग गेला हे तो बघत नाही, त्याला तसं शिकवलेलंच नसतं. अख्खं कार्ड बदलायचं, आणि त्याची किंमत ऐकून आधी खुर्ची शोधावी लागते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राईट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, काही कंपन्यांनी तिथे माहिती टाकलीही आहे. पण कार्डावर येणारा विजेचा वाढीव दाब रोखणारा साधा, स्वस्त सुटा भाग पुढच्या बाजूला, सहज बदलता येईल असा बसवायचा म्हटलं तर त्यासाठी पोर्टल लागत नाही.

आता एक कौतुक, कारण नुसती तक्रार करणारी बाई असं तुमच्या फायलीत लिहिलेलं मला नको आहे. बीएलडीसी पंखे, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरवर चालणारे, ही अलीकडच्या काळातली खरोखर उत्तम गोष्ट. जुना छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास खायचा, हा तीसच्या आसपास चालतो. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे वर्षाला 197 युनिटं वाचतात. म्हणजे त्या अडीच सेट-टॉप बॉक्सांचा खर्च एकटा पंखा भरून काढतो. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना तारांकनाचं लेबल सक्तीचं झालं तेही बरं झालं. आम्ही घरातले सगळे पंखे बदलले.

आणि मग रिमोट आला. वायरमन म्हणाला, “मॅडम, भिंतीवरचा रेग्युलेटर आता काढून टाकायचा, नाहीतर पंखा बिघडंल.” जो रेग्युलेटर अंधारातही हाताला सापडायचा, ज्याचे पाच आकडे बोटांना पाठ होते, तो गेला आणि त्या जागी प्लास्टिकचं पांढरं टोपण आलं. रिमोट एवढासा, वर नऊ बटणं. झोपेचं, टायमरचं, जोराच्या वाऱ्याचं, उलट्या वाऱ्याचं. प्रत्येक खोलीला एक, सगळे सारखे दिसणारे, आणि हॉलच्या रिमोटचं कधीकधी शेजारच्या खोलीतला पंखाही ऐकतो.

सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांना गारवा लागतो आणि पंखा दोनवर आणायचा असतो. त्या उठतात, चष्मा शोधतात, उशीखाली रिमोट शोधतात, सापडला तर पंख्याच्या दिशेने धरून दाबतात. दाबलेलं बटण भलतंच निघतं आणि पंखा सुसाट सुटतो. मग त्या सरळ बोर्डावरचं बटण बंद करतात आणि तासाभराने घामाघूम होऊन उठतात. एकदा मी जागी होते. काळोखात रिमोट पंख्याकडे रोखून त्या म्हणत होत्या, “अरे बाबा, जरा हळू फीर की.” त्या काय चुकत होत्या? पंख्याशी बोलण्याचा एवढा एकच मार्ग तुम्ही ठेवलात.

आता भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसी पंखे निघालेत असं कळतं. बोर्डाचं बटण दोनदा खटखटवलं की गती बदलणारेही आहेत. म्हणजे जमतं. मग ते महागातल्या एखाद्या मॉडेलपुरतं का? रिमोट जरूर द्या, पण भिंतीवरचा हक्क काढून घेऊ नका.

स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी आहे. ती गॅसपेक्षा चटकन तापते, उष्णता वाया कमी जाते, भांडं उतरवलं की आपोआप थांबते. तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण तिची बटणं काचेवर रंगवलेली आहेत, दाबायची नाहीत, स्पर्श करायचा. आता आपल्या स्वयंपाकघरातला हात आठवा. तो एक तर ओला असतो, नाहीतर कणकेचा, नाहीतर तेलाचा. दूध वर येतंय, हात पिठाचे, बोट काचेवर टेकवते तर शेगडी नुसती ‘टुंग’ म्हणते आणि आच आहे तेवढीच. दुसऱ्यांदा टेकवते, पुन्हा टुंग. दूध उतू जाऊन त्या रंगवलेल्या बटणांवर पसरतं, आता बटणंच भिजली म्हणून ती सगळीच ऐकेनाशी होतात. शेवटी कोपराने बोर्डाचं बटण बंद करायचं. आणि पुस्तिकेत लिहिलेलं असतं, वापर झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नये! गोल फिरवायची एक मूठ लावायला काय खर्च येतो? गॅसच्या शेगडीची मूठ आई न बघता फिरवायची, आच किती आहे ते तिच्या मनगटाला कळायचं.

आणि त्या काचेवर ‘डोसा’ आहे, ‘पिझ्झा’ आहे. भाकरी नाही. असो.

ॲपवाल्या गीझरचा किस्सा थोडक्यात. जाऊबाईंनी पुण्याला नवा गीझर घेतला, तो मोबाईलवरून लावता येतो. ॲप उतरवलं, त्याने नाव विचारलं, नंबर विचारला, ओटीपी पाठवला, मग ठिकाण कळू द्या म्हणाला. आंघोळीच्या पाण्याला माझा पत्ता कशाला हवा? गीझर कुठे आहे हे त्याला माहीत असायला हवं, न्हाणीघरातच आहे तो. घरात वायफाय नसेल त्या दिवशी यंत्रावरचं बटण चालतं, पण टायमर चालत नाही. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, हे तुमच्या ॲप लिहिणाऱ्यांना कुणीतरी सांगा. शिवाय दूरवरून हाक ऐकण्यासाठी हा गीझर चोवीस तास कान टवकारून बसतो, त्याचीही वीज लागते.

गीझरवरून आठवलं, त्याच्या तारांकनाविषयी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट. साठवणीच्या गीझरला तारे मिळतात ते पाणी तापवण्यातल्या कौशल्याबद्दल नव्हे. तापलेलं पाणी टाकीत नुसतं ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता गळते, ती गळती मोजून तारे देतात. पद्धत शास्त्रीय आहे, गळती कमी हवीच. पण आपल्याकडचा गीझर आंघोळीआधी लावतात आणि झाली की बंद करतात. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 0.61 युनिट लागतंच, तारे कितीही असोत. भौतिकशास्त्रात सूट मिळत नाही. म्हणजे लेबल मोजतं ते दिवसभर चालू ठेवणाऱ्याला उपयोगी, आणि बटण बंद करणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. एसीच्या लेबलावरची वर्षाची युनिटंसुद्धा 1600 तासांचा वापर धरून काढलेली असतात. उरलेल्या सात हजारांवर तासांत तो भिंतीवर टांगलेला असताना किती खातो, हे ग्राहकाने कुठे वाचायचं?

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2006 मध्ये तारांकन सुरू केलं, आणि या देशात फ्रीज घेताना माणूस रंगाबरोबर तारेही बघायला लागला. हे मोठं काम झालं. पण माझ्या घरातल्या फ्रीज, पंखे, गीझर यांपैकी एकाच्याही लेबलावर ‘बंद असताना इतके वॅट’ असा आकडा छापलेला नाही.

हा आकडा मागणारी मी काही पहिली नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले ॲलन मायर यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी साधी सूचना मांडली: यंत्र काम करत नसेल तेव्हा त्याने एका वॅटपेक्षा जास्त ओढू नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती उचलून धरली. 2001 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खात्यांना आदेश दिला की शक्य तिथे असंच यंत्र विकत घ्या. युरोपने त्याचा कायदा केला. 2010 पासून साध्या उपकरणांना एक वॅटची मर्यादा, 2013 पासून अर्ध्या वॅटची, आणि वेळ वगैरे दाखवणारा डिस्प्ले असेल तर तेव्हा एक वॅट. तुमच्यातले बरेच जण तिथे माल पाठवतात. तिथे पाठवताना जे जमतं ते सांगलीला पाठवताना का जमत नाही, एवढंच विचारते.

मला माहीत आहे, बिलातला मोठा वाटा फ्रीज, पंखे, गीझर आणि एसी यांचाच असतो. म्हणूनच ‘मोबाईलचा चार्जर प्लगमध्ये ठेवू नका’ हा उपदेश वाचला की हसू येतं. चांगला रिकामा चार्जर वर्षभर प्लगमध्ये राहिला तर एक-दोन युनिटं खाईल. दोन किलोवॅटचा गीझर तेवढी अर्ध्या ते एका तासात संपवतो. चार्जरचं पाप ग्राहकाच्या माथी मारून बॉक्स, राउटर आणि डिस्प्ले यांच्याबद्दल गप्प बसायचं, हे मला पटत नाही. बंद असतानाची वीज इतर खर्चापुढे लहान असेल, पण तिच्यातून पाणी तापत नाही, वारा येत नाही, भाजी टिकत नाही.

तेव्हा मागणी अशी. खोक्यावर, किमतीच्या शेजारी आणि किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, यंत्र बंद असताना किती वॅट ओढतं ते छापा. त्याखाली, बोर्डावरून बंद करून पुन्हा लावल्यावर वापरायला किती सेकंदांत तयार होतं ते छापा. या एका आकड्यावर स्पर्धा सुरू झाली तर सासऱ्यांची चिकटपट्टी आपोआप निघेल. यंत्राला जे लक्षात ठेवायचं आहे ते वीज नसतानाही लक्षात राहू द्या. ज्या बटणाची ओल्या हाताने, अंधारात किंवा चष्म्याशिवाय गरज पडते ते हाताला लागणारं, दाबता किंवा फिरवता येणारं असू द्या. ॲप ही जास्तीची सोय असू द्या, दाराशी बसवलेला पहारेकरी नको. आणि ब्यूरोकडे तुमची जी शिष्टमंडळं नव्या नियमांना मुदतवाढ मागायला जातात, त्यांनी पुढच्या वेळी जाताना बंद असतानाच्या विजेचा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.

या पत्राला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं यंत्राने आपोआप पाठवलेलं उत्तर नको. उत्तर द्यायचंच असेल तर एक आकडा पाठवा: सध्या सगळ्यांत जास्त खपणारं तुमचं मॉडेल, रिमोटने बंद केलेलं, वॅटमध्ये. मी वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून त्याची वर्षाची युनिटं काढून घेईन.

कळावे.

आपली,
सांगलीची एक ग्राहक